घसारा आणि वंगण

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला घसारा हा शब्द दोनदा शिकावा लागतो. पहिल्यांदा वहीत आणि दुसऱ्यांदा गॅरेजमध्ये. वहीतला घसारा सोपा असतो. प्राप्तिकराच्या हिशेबात मोटारगाडीची किंमत दर वर्षी पंधरा टक्क्यांनी उतरवत जायची, बस्स. माझी मारुती ८०० मी १९९८ साली कर्मचारी कर्जावर घेतली. तिची किंमत दोन लाख धरून सत्तावीस वर्षांचा घसारा मांडला, तर आज वहीत अडीच हजार रुपयांच्या आसपास काहीतरी उरते. गंमत अशी, की याच गाडीत पूर्ण सिंथेटिक इंजिन ऑईलचे तीन लिटर आणि नवा फिल्टर घालायचा म्हटला, तर आमच्या धाराशिवच्या बाजारात जवळपास तेवढेच पैसे मोजावे लागतात. अडीच हजारांच्या गाडीत अडीच हजारांचे तेल! कुठलाही तपासनीस या व्हाऊचरवर लाल शेरा मारील.

पण गॅरेजमधला घसारा टक्क्यांनी चालत नाही. तो धातूवर धातू घासल्याने होतो. तेलाची पातळशी साय मध्ये आहे तोवर होत नाही, ती फाटली की एका दुपारीत वीस वर्षांचा होतो. म्हणून हा प्रश्न दिसतो तेवढा वेडगळ नाही.

हा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो. जीपवाल्यांच्या आयुष्यावर मी एक कादंबरी लिहिली आणि तिच्यासाठी दोन वर्षे गॅरेजांच्या दारात बसून काढली, तेव्हापासून लोकांचा समज झाला आहे की मला यातले कळते. कर्जाचे प्रश्न आता कोणी विचारत नाही, तेलाचे विचारतात. 'जुन्या गाडीला सिंथेटिक टाकावं का हो?' विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, भूम-कुंथलगिरीकडून खवा घेऊन पहाटे निघणारे पिकअपवाले असतात, वडिलांची जुनी मोटारसायकल जपणारी कॉलेजची पोरे असतात. प्रत्येकाने आधी दोन मते ऐकलेली असतात. मिस्त्री म्हणतो, 'जुन्या इंजनाला सिंथेटिक घातलं की चोहीकडून गळाया लागतंय. आहे ते हाय ते बरं हाय.' दुकानदार म्हणतो, 'एकदा टाका आणि पंधरा हजार किलोमीटर विसरा.' दोघेही अर्धे खरे बोलतात, आणि अर्धे खरे बोलणाऱ्यांमध्ये सापडलेल्या माणसाचे काय होते ते मी कर्जखात्यात पुष्कळ पाहिले आहे.

आमच्या पिढीला वंगण शिकवले ते बैलगाडीने. गाडीच्या दांड्याला वंगणाचा नळा लोंबकळत असे. त्यात एरंडेल आणि काजळी यांचे काळेकुट्ट मिश्रण. लांबच्या वाटेला निघायचे तर चाक काढून आसाला ते वंगण द्यायचे. नाही दिले तर चाक करकरायला लागे आणि गावाला ऐकू जाई. हेच एरंडेल आमच्या पोटातही जाई, महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, नाक दाबून. तेव्हा कोणी सांगितले असते, की हेच तेल विमानात घालतात, तर विश्वास बसला नसता. पण ते खरे आहे. इंग्लंडमध्ये वेकफिल्ड नावाच्या गृहस्थांनी १८९९ साली वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ च्या सुमारास मोटारी-विमानांसाठी एरंडेल मिसळलेले तेल बाजारात आणले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून तेलाचे नाव पडले कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनांना एरंडेल लागे, ते जळून धुराबरोबर वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि मग पोटावर व्हायचा तो परिणाम होई असे सांगतात. आमच्या रविवार सकाळची आठवण झाली नाही तरच नवल.

एरंडेल घट्ट आणि चिकट, उष्णतेला दमदार, पण लवकर खवट होऊन त्याचा डिंक बनतो. त्यामुळे जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाने त्याची जागा घेतली. खनिज तेल स्वस्त आणि टिकाऊ. आपल्याकडे मुंबईत माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यात वंगणाचे मूळ तेल तयार होते. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर जो जड भाग उरतो, त्यातून ते निघते. मात्र ते कितीही शुद्ध केले तरी बाजारातून आणलेल्या धान्याच्या गोणीसारखे असते. दाणे आहेत, पण लहानमोठे. त्यात थोडे मेण, थोडे गंधक, थोडे असेच काहीबाही. सिंथेटिक तेल म्हणजे दाणान् दाणा एका मापाचा. निवडलेला नव्हे, घडवलेला. रसायनशाळेत लहान रेणू जोडून हवा तसा मोठा रेणू बांधायचा.

ही विद्या वाढली गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे खनिज तेलाची चणचण होती, म्हणून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम वंगणांवर मोठे काम केले. युद्धानंतर जेट विमाने आली. त्यांच्या इंजिनातली उष्णता साध्या तेलाला सोसेना, तेव्हा एस्टर जातीची कृत्रिम तेले वापरात आली. आता योगायोग पाहा. एरंडेल हेही रसायनशास्त्राच्या भाषेत एस्टरच. आजीच्या कपाटातली बाटली आणि जेटचे तेल एकाच गोत्रातले निघाले! मोटारींसाठी असे तेल अमेरिकेत १९७२ साली अधिकृत कसोटीला उतरले आणि १९७४ मध्ये मोबिल-१ बाजारात आले. इकडे आम्ही तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसे पाहत होतो. सिंथेटिक हा शब्द आम्हांला फक्त साडीच्या दुकानात माहीत होता.

एक गोष्ट ग्राहक म्हणून लक्षात ठेवण्यासारखी. डब्यावरचा 'सिंथेटिक' हा शब्द आता पहिल्याइतका सोवळा राहिलेला नाही. १९९९ साली अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांचा जाहिरातींवरून वाद झाला. खनिज तेलावरच हायड्रोजनची खोल प्रक्रिया करून जे अतिशुद्ध तेल मिळते, त्याला सिंथेटिक म्हणायचे की नाही? जाहिरातींच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या तिथल्या संस्थेने म्हणू द्यायचे ठरवले. तेव्हापासून मूळ तेलाच्या वर्गवारीतला तिसरा वर्ग बऱ्याच देशांत हेच नाव लावून विकला जातो. रेणू बांधून केलेले तेल चौथ्या वर्गात येते, एस्टर पाचव्यात. तिसऱ्या वर्गाचे तेल वाईट असते असे मुळीच नाही, चांगलेच असते. पण दोन डब्यांच्या किमतीत मोठे अंतर का, याचे उत्तर बहुधा इथे असते. आणि 'सेमी सिंथेटिक' लिहिलेल्या डब्यात सेमी म्हणजे किती, हे डब्यावर सहसा नसते. बँकेत असा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता.

आता मिस्त्रीच्या भीतीकडे वळू, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंजिनात जिथे जिथे फिरणारा दांडा बाहेर येतो तिथे रबराचे सील असते. कुकरची रिंग आठवा. नवी असताना मऊ, पाच वर्षांनी कडक आणि चिरा पडलेली. इंजिनातल्या सीलचे तसेच होते. पहिल्या काळातल्या काही कृत्रिम तेलांनी रबर आक्रसत असे, काहींनी फुगत असे. जुन्या सीलमधून गळती लागे. मिस्त्री लोकांच्या तोंडी परंपरेने आलेली भीती तिथली आहे, आणि त्या काळापुरती ती रास्त होती. पुढे कंपन्यांनी दोन्ही जाती योग्य प्रमाणात मिसळून आणि वरून द्रव्ये घालून हा दोष काढला. आजचे चांगले सिंथेटिक तेल रबराला साध्या तेलापेक्षा जास्त त्रास देत नाही.

तरीही जुन्या गाडीत तेल बदलल्यावर कधी कधी गळती दिसते. का? वर्षानुवर्षे वेळेवर तेल न बदललेल्या इंजिनात काळा गाळ साचतो. तो गाळ चिरलेल्या सीलच्या भेगेत बसून बुचाचे काम करतो. नव्या तेलातली धुणारी द्रव्ये तो गाळ हळूहळू सोडवतात आणि मुळातली भेग उघडी पडते. भिंतीवरचे कॅलेंडर काढल्यावर पोपडा दिसावा तसे. कॅलेंडरने पोपडा पाडलेला नसतो. जी गाडी वेळच्या वेळी सांभाळली आहे, तिच्यात हा प्रकार क्वचितच होतो.

यावर आमच्याकडे एक घातक उपाय रूढ आहे. 'आधी इंजिन धुऊन घेऊ' म्हणत काही गॅरेजांत इंजिनात डिझेल किंवा रॉकेल ओतून ते चालवतात. असे कोणी सुचवले तर चहा घेऊन उठावे. रॉकेलने तेलाची साय विरते, बेअरिंग कोरडी घासतात आणि सुटलेला गाळ एकदम चेंबरच्या जाळीवर जाऊन बसतो. तेल वर चढायचे थांबते. दीड-दोन हजार किलोमीटरवर तेल आणि फिल्टर लवकर बदलून टाकला, की तेच काम सावकाश आणि बिनधोक होते. पहिल्या खेपेला एवढा खर्च धरावाच. साधे आणि सिंथेटिक तेल एकत्र झाले तर दही होते, हीही एक अफवाच. दोन्ही एकमेकांत मिसळतात. वाटेत तेल कमी पडले तर जे मिळेल ते योग्य ग्रेडचे तेल ओतून घरी यावे, इंजिन कोरडे चालवू नये.

ग्रेड हा शब्द आला म्हणून थोडे खोलात जातो, कारण जुन्या गाडीच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. डब्यावर २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. डिसेंबरात खोबरेलाची बाटली गोठते आणि घरातल्या बायका ती उन्हात ठेवतात, तसे मेण असलेले खनिज तेल कडक थंडीत घट्ट होते. सिंथेटिक होत नाही. काश्मीरला हा गुण लाखमोलाचा. धाराशिवला? आमच्याकडे पौषातल्या पहाटे फार तर शाल लागते. तेवढ्या थंडीत २०डब्ल्यू तेलाचेही काही बिघडत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी पाश्चात्त्य देशांत सिंथेटिकची ख्याती झाली, तो गुण इथे निम्मा फुकट.

दुसरा आकडा शंभर अंशांना तेल किती घट्ट राहते ते सांगतो. जुन्या इंजिनांत दोन भागांमधली फट आजच्या इंजिनांपेक्षा जास्त ठेवलेली असे आणि वयाने ती वाढते. तिथे ०डब्ल्यू-२० सारखे आजच्या नव्या गाड्यांचे पाण्यासारखे तेल घालणे म्हणजे सैल चपलेत गुळगुळीत मोजे घालण्यासारखे. सिंथेटिक घ्यायचे तर घ्या, पण ग्रेड गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतली. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर किंवा जुनी जीप असेल तर आणखी एक कारण आहे. या इंजिनांच्या टॅपेटवर मोठे घर्षण होते आणि त्यांना तेलातल्या जस्त-स्फुरदाच्या संयुगाचे संरक्षण लागते. धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला स्फुरद बाधते, म्हणून २००४ पासून पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखले आहे. ४० आणि ५० च्या जाड तेलांना ती मर्यादा नाही. सारांश, आजोबांना नातवाचे कपडे घालू नयेत.

मग आमच्याकडे सिंथेटिकचा उपयोग कशाला? उष्णतेला. तळणीचे तेल आठवा. दिवाळीत शंकरपाळ्यांपासून चिवड्यापर्यंत तेच तेल तापत गेले की काळे होते, दाट होते, हाताला चिकटते. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते सडते. इंजिनात नेमके हेच घडते. सिंथेटिक तेल हे सडणे बराच काळ लांबवते आणि वाफ होऊन उडतेही कमी. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर, एसी चालू, गाडीत चार माणसे, सोलापूरकडून येताना तुळजापूरचा घाट आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधरा मिनिटे. त्या पंधरा मिनिटांत चांगले तेल आपले पैसे फेडते.

धुळीपुढे मात्र कुठलेच तेल चालत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात कर्जदारांच्या पाहणीसाठी आम्ही महिनोन्‌महिने बँकेच्या जीपमधून फिरलो. सास्तूरच्या वाटेवर घरांच्या ढिगाऱ्यांची पांढरी माती हवेत तरंगत असे. त्या जीपला ऑईल-बाथ जातीचा एअर फिल्टर होता, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आधी तेलाच्या भांड्यावरून जायची आणि धूळ तिथे बसायची. आमचा ड्रायव्हर दर शनिवारी ते भांडे काढून दाखवी. तेल नव्हे, चिखल. तो म्हणायचा, 'सायेब, एवढं इंजनात गेलं असतं तर बोअर संपला असता.' तो फार शिकलेला नव्हता, पण इंजिन झिजते ते तेलाच्या भावाने नाही, हवेच्या वाटेने, हे त्याने मला तेव्हा शिकवले. दीडशे-दोनशे रुपयांचा एअर फिल्टर तीन वर्षे न बदलता जे लोक सिंथेटिक तेलाचा विचार करतात, त्यांना मी त्या चिखलाची गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना खातेदार घरी आला. तीन कर्जे घेतली, तिन्ही फेडली, असा माणूस. कळंब बाजूला वडापची जीप चालवतो, नवरात्रात तुळजापूरच्या फेऱ्या करतो. जीप वीस वर्षांची. 'गाडी ऑईल खाऊलाली,' म्हणाला. हजार किलोमीटरला एक लिटर. मागून निळा धूर. दुकानदाराने त्याला सांगितले होते, सिंथेटिक टाक, धूर थांबेल. मिस्त्रीने सांगितले होते, इंजिन उतरव. इंजिनाच्या कामाला चाळीस हजारांच्या वर खर्च, आणि मुलीच्या नर्सिंगची दुसऱ्या वर्षाची फी त्याच महिन्यात भरायची. साहजिकच त्याला दुकानदाराचे म्हणणे खरे ठरायला हवे होते. माझ्याकडे तो सल्ल्यासाठी नव्हे, दुजोऱ्यासाठी आला होता. कर्ज मागायला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ते दिसते.

आम्ही अंगणात जीपचे बॉनेट उघडले. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण काढले, तर तिथून फसाफसा धूर. रिंगा आणि लायनर झिजल्याची ही खूण, धूर खालून वर न जाता वरून खाली येतो. मग कागद घेतला. जीप महिन्याला तीन हजार किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. हजाराला एक लिटर म्हणजे नुसते भर घालायला छत्तीस लिटर. साध्या आणि सिंथेटिक तेलात लिटरमागे तीनशे रुपयांचा फरक धरला, तर वर्षाला दहा हजार आठशे रुपये जास्तीचे, आणि ते सगळे धुरातून जाणार. सिंथेटिक तेलाने झिजलेले लोखंड भरून येत नाही. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'म्हंजे ह्यात माझ्या पोरीची निम्मी फी उडती की.'

त्याने नवरात्र तसेच काढले, साधे तेल ओतत. ते दिवस सोडणे परवडणारे नव्हते. दिवाळीनंतर बायकोच्या बचत गटातून पैसे उचलले आणि इंजिन उतरवले. फी त्याने आधी भरली होती. काम झाल्यावर मिस्त्रीने सुरुवातीला साधेच तेल घातले, तेही बरोबर. नव्या रिंगा लायनरवर बसायला थोडे घर्षण लागते. आजही तो डिझेल इंजिनाचे साधे १५डब्ल्यू-४० तेल वापरतो आणि ते वेळेवर बदलतो. अशा गाडीला मला तेच योग्य वाटते. एक फरक त्याच्या बाजूने पडला आहे, तो त्याला ठाऊकही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. ते जळून आम्ल बनायचे आणि तेलाचा दम काढायचे. २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधक असते. जुन्या जीपला आज जे डिझेल मिळते तसे तिच्या तरुणपणीही मिळाले नव्हते. तेल काळे झाले म्हणून तो पूर्वी घाबरायचा. डिझेलचे तेल चार-पाचशे किलोमीटरमध्ये काळे होणारच. काजळी पोटात घेऊन तरंगत ठेवणे हेच त्याचे काम. काळे झाले नाही तर उलट शंका घ्यावी.

माझ्या मारुतीत मी २०१९ पासून सिंथेटिक घालतो. तिचे इंजिन तेल पीत नाही, पट्टीवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये जेमतेम हलते. ही पहिली अट. बदलल्यावर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून थोडे पाझरले. ते पॅकिंग मूळचे, एकवीस वर्षांचे होते. ते बदलले, पाझर थांबला. गाडी जास्त मऊ चालते असे लोक सांगतात. मलाही वाटते. पण कानाला वाटणे हा पुरावा नव्हे. १९९८ पासूनच्या पेट्रोलच्या नोंदी माझ्या वहीत आहेत आणि त्यांत मायलेजचा बोट ठेवण्याजोगा फरक मला दिसलेला नाही. माझी मुले या वहीला हसतात. हसोत.

तेल मी दर वर्षी बदलतो, गाडी साडेतीन हजार किलोमीटरच चालली असली तरी. 'पंधरा हजार विसरा' ही गोष्ट कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला लागू नाही. गावातल्या गावात चार किलोमीटर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात उतरते, आणि तापल्याशिवाय ते उडून जात नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आमच्याच जिल्ह्याच्या उसाचे असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी धरते आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याच्यासाठी केलेले नव्हते. तेलाबरोबर तेही दर वर्षी वाकवून बघावेत, तडे दिसले तर बदलावेत. पेट्रोलच्या पाइपची गळती तेलाच्या गळतीसारखी सोसण्यातली नसते.

मुलगा पुण्याहून दर फोनला सांगतो, विका ती गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि २०२२ साली त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण दर महिन्याला मी पत्नीला तपासणीसाठी सोलापूरला नेतो, पासष्ट-सत्तर किलोमीटर. डॉक्टरांकडून सुटायला अनेकदा रात्रीचे आठ वाजतात. घाटात अंधार असतो आणि ती शेजारी डोळे मिटून बसलेली असते. त्या रात्रींसाठी मी वर्षाला हजार-बाराशे रुपये जास्त देतो. नव्या गाडीचा एका महिन्याचा हप्तासुद्धा त्यापेक्षा कितीतरी जास्त येईल, आणि हप्त्याची भाषा मी आयुष्यभर दुसऱ्यांशी बोललो, आता घरात नको.

दुचाकीवाल्यांसाठी एकच सूचना, पण ती महत्त्वाची. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या काही सिंथेटिक तेलांत निसरडेपणा वाढवणारी द्रव्ये असतात, ती गेली की क्लचच्या पट्ट्या घसरायला लागतात. इंजिन गुरगुरते, गाडी पुढे जात नाही. म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण पाहून घ्यावी. वडिलांच्या गाडीत काकांच्या कारमधले उरलेले तेल ओतू नये, ते कितीही महागाचे असले तरी. जुन्या स्कूटरींचा मामला निराळा. तिथे तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळते. पंपावरचा माणूस हातपंपाने मापून टू-टी तेल सोडायचा आणि आपण स्कूटर आडवी-उभी हलवून ते मिसळायचो, ही कसरत चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या गाड्यांत सिंथेटिक टू-टीने धूर कमी होतो. गल्लीतले लोक दुवा देतात, एवढा लाभ निश्चित.

तेल घेताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावावा, आणि रिकामा डबा मिस्त्री 'राहू द्या इथंच' म्हणाला तरी खिळ्याने भोक पाडूनच ठेवावा. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्याला बाजारात किंमत असते आणि ती का असते, हे सांगायला नको. भेसळीचे तेल सिंथेटिकच्या डब्यात भरले की नफा दुप्पट. महाग तेल घेणाऱ्याने हा धोका जास्त ओळखावा.

राहिले ते काढलेले तेल. आमच्याकडे काळ्या तेलाला गिऱ्हाईक कायम असते. खेड्यातून लोक बाटली घेऊन येतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासतात, गोठ्याच्या मेढींना लावतात. उरलेले गॅरेजमागच्या नालीत. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे हे पाहवत नाही. या तेलात इंजिनातून झिजलेले धातू आणि अर्धवट जळलेले विषारी पदार्थ असतात, कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेले तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. शुद्ध होऊ शकते, कारण तेल संपत नाही, मळते. आमच्या मिस्त्रीने मागच्या वर्षी दोनशे लिटरचे पिंप आणून कोपऱ्यात ठेवले. ते भरले की सोलापूरहून एक टेम्पो येतो, मोजून पैसे देतो आणि घेऊन जातो. बाटलीवाल्यांना तो आता नाही म्हणतो. त्यावरून त्याची दोन-तीन भांडणेही झाली.